मोटर, टाकी आणि वायफाय: सोलापूरच्या घरात स्मार्ट होम स्वतः कसं जोडायचं

स्मार्ट होमच्या जाहिरातीत माणूस सोफ्यावर बसून दिव्याचा रंग बदलतो. सोलापुरात घराला डोकं लागतं ते पाण्यासाठी. उजनी, टाकळी आणि हिप्परगा अशा तिन्हीकडून पाणी येऊनही शहराच्या बऱ्याच भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी सुटतं, कधी पहाटे तर कधी रात्री उशिरा. आलेलं पाणी आधी जमिनीखालच्या हौदात घ्यायचं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं, आणि टाकी वाहायला लागली की शेजारून हाक येते, “काकू, मोटर बंद करा, पाणी चाललंय!” मे महिन्यात हौदाच्या तळाला उरलेल्या पाण्यावर दोन दिवस काढायचे असतात, तेव्हा गटारात गेलेली बादलीही जिवाला लागते. म्हणून स्वतःच्या हाताने स्मार्ट होम जोडायचं मनात असेल तर दिवे बाजूला ठेवा आणि मोटर-टाकीपासून सुरुवात करा. गरज खरी आहे, आणि या एका कामात स्मार्ट होमचे जवळजवळ सगळे धडे येऊन जातात.

यंत्रणा कितीही मोठी असो, तिच्यात कामं तीनच. कोणीतरी मोजायचं, कोणीतरी ठरवायचं, कोणीतरी करायचं. टाकीतलं पाणी सेन्सर मोजतो, मोटर चालू-बंद रिले करतो. हे दोन्ही समजायला सोपं असतं. गोंधळ होतो तो मधल्या कामात, म्हणजे ठरवण्यात. हे ठरवणं तीन ठिकाणी होऊ शकतं: मोटरजवळच्या डबीतल्या चिपवर, घरातल्याच एखाद्या छोट्या कॉम्प्युटरवर, किंवा इंटरनेटच्या पलीकडे कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर. कुठला निर्णय कुठे घ्यायचा हे नीट ठरवलं की निम्मं काम झालं.

माझं मत यात स्पष्ट आहे. ज्या निर्णयावर मोटर जळणं किंवा पाणी वाहून जाणं अवलंबून आहे, तो मोटरजवळच्या चिपनेच घ्यावा. वायफाय नसलं तरी तिने तो घेतला पाहिजे. सोय आणि सूचना, म्हणजे मोबाईलवर निरोप, वेळापत्रक, आलेख, हे घरातल्या कॉम्प्युटरने सांभाळावं. इंटरनेटकडे फक्त बाहेरगावी असताना घर बघण्याचं काम द्यावं. बाजारातल्या बऱ्याच तयार स्मार्ट वस्तू याच्या उलट वागतात: बटण आपल्या घरात, हुकूम मात्र परदेशातल्या सर्व्हरवरून फिरून येणार. कंपनी गुंडाळली की वस्तू मुकी होते. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचा स्मार्ट हब, म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारी डबी, असाच बंद पडला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर अचानक बंद झाले आणि लोकांनी पैसे मोजून घरात बसवलेल्या वस्तूंचं ॲप चालेना.

आता सामान. चिप म्हणून ईएसपी ८२६६ किंवा तिची मोठी बहीण ईएसपी ३२ घ्यायची. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या या चिपांत वायफाय आतच असतं, आणि नोडएमसीयू नावाचा तयार बोर्ड काही शे रुपयांत मिळतो. त्यावर ईएसपीहोम नावाची मोफत प्रणाली टाकली की प्रोग्रॅमिंग फारसं करावं लागत नाही. कुठल्या पिनला काय जोडलंय आणि ते कसं वागावं, एवढं एका फाईलमध्ये लिहायचं. घरातला कॉम्प्युटर म्हणून होम असिस्टंट ही मुक्त प्रणाली चालवायची. पाउलस स्खाउटसेन यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली आणि आज जगभरचे लोक मिळून ती वाढवतात. बरेच जण ती रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर चालवतात. मला मात्र आपल्याकडे जुना लॅपटॉप जास्त बरा वाटतो. त्याला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे लाईट गेली तरी तो मध्येच मरत नाही. रास्पबेरी पाय मेमरी कार्डावर चालवला आणि लिहितालिहिता वीज गेली तर कार्ड बिघडण्याची भीती असते. रास्पबेरी पायच हवा असेल तर कार्डाऐवजी एसएसडी ही डिस्क लावा.

ईएसपीहोम होम असिस्टंटशी थेट बोलतं. पण वाचताना तुम्हाला एमक्यूटीटी या निरोप पोचवण्याच्या पद्धतीचं नाव सारखं भेटेल, कारण टास्मोटासारख्या दुसऱ्या प्रणाली त्यावर चालतात. ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी वाळवंटातल्या तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी तयार केली. उपग्रहाचा दर महाग, म्हणून निरोप अगदी छोटे. ती चालते गावच्या चावडीवरच्या फळ्यासारखी: टाकीचा सेन्सर फळ्यावर ‘पाणी ६२ टक्के’ लिहून जातो, ज्याला गरज आहे तो येऊन वाचतो, लिहिणाऱ्याला वाचणारा कोण हे ठाऊक असायची गरज नाही. निरोप ‘रिटेन’ केला तर तो तसाच राहतो आणि उशिरा आलेल्यालाही वाचता येतो. सुरुवातीला इतकं पुरे.

पाणी मोजायचं कसं

टाकीत तारा सोडून पाणी मोजायचे स्वस्त उपाय मिळतात. बोअरच्या जड पाण्यात त्यांच्यावर पांढरा थर चढतो, आणि सतत डीसी वीज सोडली तर तारा झिजतात. म्हणून आवाजाने अंतर मोजणारा जलरोधक सेन्सर घ्या, जेएसएन-एसआर०४टी नावाचा. तो टाकीच्या झाकणात आतल्या बाजूला तोंड करून बसवायचा. तो ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो, पाण्यावरून आलेला प्रतिध्वनी ऐकतो आणि गेलेल्या वेळावरून अंतर काढतो. अंतर कमी म्हणजे टाकी भरलेली.

इथे सोलापूरचं ऊन मध्ये येतं. आवाजाचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो: सेकंदाला ३३१.३ मीटर, अधिक दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ मीटर. २० अंशांना तो ३४३ च्या आसपास येतो, आणि तयार उदाहरणांमध्ये हाच आकडा धरलेला असतो. आता एप्रिल-मे मधली दुपार घ्या, काळ्या टाकीच्या आतली हवा ४५ अंशांना. वेग झाला सुमारे ३५८. खरं अंतर एक मीटर असताना सेन्सर पावणेशहाण्णव सेंटिमीटर सांगणार, म्हणजे पाणी आहे त्यापेक्षा सव्वाचार सेंटिमीटर वर दिसणार. टाकीचा व्यास ११० सेंटिमीटर असेल तर एका सेंटिमीटरमध्ये साडेनऊ लिटर पाणी मावतं. हिशोब करा, चाळीसेक लिटर पाणी फक्त कागदावर! तेही नेमकं पाण्याची ओढ असते त्याच दुपारी. उपाय सोपा आहे. डीएस१८बी२० नावाचा छोटा तापमान सेन्सर टाकीत झाकणाखाली टांगा आणि अंतर काढताना वेगाचं सूत्र त्याच्या आकड्याने चालवा. ईएसपीहोममध्ये दोन ओळींचं काम आहे.

या सेन्सरची आणखी एक खोड: तोंडापासून साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की पाणी या आंधळ्या पट्ट्यात येतं आणि आकडे वेडेवाकडे होतात. म्हणून ‘टाकी भरली’ हा निर्णय त्याच्यावर सोडू नका. त्यासाठी वर एक साधा फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याबरोबर उचलला गेला की चालू-बंद होणारा स्विच, लावा. मधली पातळी आवाजाने, शेवटची फ्लोटने. सेन्सर टाकीत पडणाऱ्या धारेपासून आणि टाकीच्या भिंतीपासून लांब ठेवा, नाहीतर प्रतिध्वनी तिथूनच परत येतो. मोटर चालू असताना पाणी हिंदकळतं आणि आकडा वरखाली होतो. त्यासाठी एकच वाचन घेऊ नका, सलग काही वाचनांतलं मधलं घ्या. त्याला मीडियन फिल्टर म्हणतात, तो तयार मिळतो.

जोडणीतली एक गोष्ट विसरू नका. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर परतीचा संकेतही ५ व्होल्टचा देतो, आणि ईएसपीच्या पिनांना ३.३ व्होल्टच झेपतात. मध्ये एक आणि दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. गच्चीपर्यंत ५ व्होल्टची लांब बारीक वायरही नेऊ नका. वायफायवर बोलताना चिप क्षणभर २००-३०० मिलिअँपिअर ओढते, तेवढ्याने लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि चिप सारखी रीसेट होते. खालून १२ व्होल्ट न्या आणि टाकीजवळ बक कन्व्हर्टर या व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या बोर्डाने ५ करा. डबी जिन्याच्या खोलीत सावलीला ठेवा. सेन्सरची वायर सुमारे अडीच मीटर येते, बहुतेक घरांत तेवढी पुरते.

आता नळाला पाणी आलं हे कसं ओळखायचं? पहिला विचार येतो तो पाइपात बसवायच्या फ्लो सेन्सरचा. वायएफ-एस२०१ हा अर्धा इंची सेन्सर आत चक्री फिरवून लिटरला सुमारे ४५० पल्स देतो. तो मी सुचवणार नाही, आणि कारण आपल्याकडच्या नळाला ठाऊक आहे. चार दिवस रिकाम्या पडलेल्या पाइपात पाण्याआधी हवा येते. नळ फुसफुसतो, चक्री हवेनेच गरगर फिरते आणि पाण्याचा थेंब नसताना मोबाईल वाजतो. शिवाय दाब कमी असलेल्या लाइनीत अर्ध्या इंचाचा आणखी एक अडथळा कोणाला हवाय? त्याऐवजी हौदावरही तसाच आवाजाचा सेन्सर लावा आणि नियम असा लिहा: मोटर बंद आहे, तरी हौदातलं पाणी पाच मिनिटांत दोन सेंटिमीटर वर आलं, म्हणजे नळाला पाणी आलं. पाइपाला हातही लावावा लागत नाही आणि हवेने फसगत होत नाही. हा निरोप मोबाईलला आणि रात्रीची वेळ असेल तर घरातल्या छोट्या भोंग्यालाही द्या. आईकडे स्मार्टफोन असेलच आणि तो उशाशी असेलच असं नाही.

मोटरला हात लावण्याआधी

आतापर्यंतचं सगळं कमी व्होल्टेजचं होतं, चुकलं तर एखादा सेन्सर गेला. पुढचं २३० व्होल्टचं आहे. इथे परवानाधारक वायरमन बोलवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि मेनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा. ओल्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ काम करायचंय. ही अट सोडून पुढे जाऊ नका.

निळ्या रंगाचे छोटे रिले बोर्ड सगळीकडे मिळतात आणि त्यांवर १० अँपिअर, २५० व्होल्ट असं छापलेलं असतं. एक एचपीची मोटर चालताना त्याहून कमीच करंट घेते, म्हणून लोक ती थेट रिलेवर लावतात. पण मोटर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढते. तेवढ्यात रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना वितळून चिकटू शकतात. मग ॲपमध्ये ‘बंद’ दिसतं आणि मोटर चालूच राहते. म्हणून मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार झेपणारा दणकट रिले, लावा. छोट्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यायचा. वायरमनला ‘कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटर तोडणारा) लावून द्या’ एवढं सांगितलं की कळतं. सोबत एक ऑटो-मॅन्युअल स्विच मागा, म्हणजे चिप बंद पडली तरी हाताने मोटर लावता येईल.

फ्लोट स्विचमधून २३० व्होल्ट टाकीपर्यंत नेण्याची पद्धत सर्रास आहे. मला ती पटत नाही. फ्लोट १२ व्होल्टवर ठेवा आणि रिलेच्या कॉइलकडे जाणाऱ्या वाटेतच जोडा. टाकी भरली की फ्लोट उचलला जातो आणि रिलेची वीज तुटते. तिथे चिपचं, वायफायचं, कोणाचंच काही चालत नाही. ऑटोवर असताना मोटर थांबणारच.

आता चिपवरचे नियम. टाकी ३० टक्क्यांच्या खाली गेली की मोटर चालू, ९० ला बंद. एकच आकडा ठेवला, समजा ५० ला चालू आणि ५० ला बंद, तर पाणी त्या रेषेवर हिंदकळताना मोटर मिनिटामिनिटाला चालू-बंद होत राहील. दुसरा नियम: हौद तळाला असेल तर मोटर लावायचीच नाही. तिसरा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोटर सुरू होऊन पाच मिनिटं झाली आणि वरच्या टाकीत पाणी वाढलंच नाही, तर मोटर बंद आणि निरोप. पाइपात हवा अडकली असेल, हौदातल्या पाइपाच्या तळाचा फूट वॉल्व्ह गळत असेल, कोणी कॉक बंद केला असेल, कारण काहीही असो. कोरडी फिरणारी मोटर सील जाळते, आणि भर उन्हाळ्यात मोटर दुरुस्तीला गेली की घराचे हाल होतात. चौथा नियम: अमुक मिनिटांपेक्षा जास्त मोटर चालायचीच नाही. तुमची टाकी भरायला किती वेळ लागतो ते एकदा बघा आणि त्यात थोडी भर घालून हा आकडा टाका.

लाईट गेली आणि आली

ही वेळ खरी परीक्षेची. वीज परत येते तेव्हा चिप काही क्षणांत जागी होते, राऊटरला एक-दोन मिनिटं लागतात. त्या काळात रिले कसा वागेल हे आधीच ठरवलेलं हवं. ईएसपीहोममध्ये रिलेला ‘सुरू होताना नेहमी बंद’ अशी सेटिंग आहे, ती लावा. नोडएमसीयूच्या डी३, डी४ आणि डी८ या पिना चिप सुरू होताना स्वतःच्या कामासाठी वापरते, त्यांवर रिले लावला तर वीज येताच तो टकटक करू शकतो किंवा चिपच सुरू होत नाही. डी१ आणि डी२ बिनधास्त वापरा.

आणखी एक सेटिंग अनेकांना माहीत नसते. १५ मिनिटं वायफाय किंवा होम असिस्टंटशी संपर्क झाला नाही तर ईएसपीहोम चिपला आपोआप रीस्टार्ट करतं. दिव्यासाठी ते चालेल. पाणी चढत असताना राऊटर बंद पडला म्हणून मोटर मध्येच थांबणं बरोबर नाही. त्या दोन्ही वेळा शून्य केल्या की चिप आपलं काम करत राहते. राऊटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर वीज गेल्याचा निरोपही मोबाईलवर येतो.

वायफाय जोडताना अडलात तर आधी हे बघा: ईएसपी ८२६६ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ चालतं. राऊटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर २.४ चं नाव वेगळं करून बघा.

पाण्याचं काम बसलं की कूलरकडे वळा. सोलापुरी उन्हाळ्यात कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण जूनच्या पहिल्या पावसानंतर तोच खोली चिकट करतो. कूलरचा पंप आणि पंखा वेगवेगळ्या रिलेवर घ्या, खोलीत आर्द्रतेचा सेन्सर कूलरच्या झोतापासून लांब लावा, आणि आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की पंप बंद, पंखा चालू. पाणीही वाचतं.

दिवे-पंखे शेवटी. आपल्या बोर्डात सॉकेट असल्यामुळे न्यूट्रल बहुधा हाताशीच असते, त्यामुळे बोर्डाच्या मागे बसणारे छोटे रिले लावणं सोपं जातं. असाच रिले निवडा ज्याला भिंतीवरचं जुनं बटण जोडता येतं. घरातल्या आजींनी नेहमीच्या जागी हात नेला की दिवा लागला पाहिजे, त्यासाठी त्यांना काही शिकावं लागू नये. दारं-खिडक्यांचे बॅटरीवरचे सेन्सर घ्यायचे असतील तर वायफायऐवजी झिगबी ही कमी वीज खाणारी बिनतारी पद्धत बरी, कारण नाण्याएवढ्या सेलवर ते महिनोन्‌महिने चालतात. त्याचा यूएसबी डोंगल लॅपटॉपला थेट खोचू नका, छोट्या एक्स्टेन्शन वायरीने लांब ठेवा. यूएसबी ३ च्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. मॅटर हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंना एकमेकांशी जोडणारं मानक २०२२ मध्ये आलं आहे आणि ते घरातल्या घरात चालतं. नवी वस्तू घेताना डब्यावर ते चिन्ह असेल तर चांगलंच.

पुण्याला किंवा लग्नाला गेलात आणि घर बघायचंय, म्हणून राऊटरमध्ये पोर्ट उघडून ठेवू नका. ती उघडी दारं शोधत इंटरनेटवर सतत कोणी ना कोणी फिरत असतं. टेलस्केलसारखं खासगी जाळं मोबाईलवर आणि लॅपटॉपवर टाकलं की काम भागतं, कनेक्शनला इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता (पब्लिक आयपी) नसला तरीही. होम असिस्टंटची नवी आवृत्ती दर महिन्याला येते. टाकण्याआधी बॅकअप घ्या, तो दुसऱ्या यंत्रावर ठेवा, आणि ‘यामुळे काय मोडेल’ हा भाग वाचूनच पुढे जा. पाणी यायच्या दिवशी अपडेटला हात लावू नका.

मोटरच्या डबीच्या झाकणाला आतून जोडणीचा आराखडा चिकटवा, मराठीत, कुठली वायर कुठे जाते आणि मॅन्युअलवर कसं घ्यायचं एवढं लिहून. तुम्ही गावाला असताना वायरमन आला तर त्याला फोनवर तुमची वाट बघावी लागणार नाही.